सत्त्याण्णव नंबरचा डबा

६ जानेवारी

नवे मुख्याधिकारी मागच्या आठवड्यात रुजू झाले. वय पस्तीसच्या आसपास, दात पांढरेशुभ्र, कानावर पेन्सिल. आल्या आल्या सगळ्या खात्यांना बोलावून म्हणाले, मला आकडे द्या, आकडे खोटं बोलत नाहीत. आमच्या पालिकेत ते काम माणसंच इतकं मन लावून करतात की आकड्यांवर कधी वेळ आली नाही. हे मी मनात म्हणालो. मनात म्हणण्याच्या जोरावरच माझी सत्तावीस वर्षं नोकरी झाली आहे. भिंतीवर जागा दिसेल तिथे त्यांनी आलेख चिकटवलेत, म्हणून डबे पोचवणाऱ्या आमच्या गाडीवालीनं त्यांचं नाव आलेखसाहेब ठेवलं.

आज माझी पाळी होती. माझं खातं म्हणजे पाणीपट्टीच्या खिडकीमागची खोली, दोन टेबलं, अग्निशमन दलाच्या जुन्या बंबखान्यात थाटलेलं स्वयंपाकघर आणि एक गाडी. एकट्या राहणाऱ्या, 'स्वयंपाकघरातील काम करण्यास असमर्थ' अशा वृद्धांना रोज दुपारी घरपोच डबा. अवतरणातले शब्द नियमातले आहेत. यादीवर एकशे अडतीस नावं.

साहेब म्हणाले, मार्चच्या सभेत प्रत्येक योजनेला आपला उपयोग सिद्ध करावा लागेल, नाहीतर तरतूद बंद. तुमच्या योजनेचा उपयोग काय?

"लोक जेवतात," मी म्हणालो.

"ते झालंच. पण ते मोजायचं कसं?"

चार फेब्रुवारीला अहवाल द्यायचा आहे.

ही डायरी काढली, कारण कुणाला तरी खरं सांगायला हवं, आणि बायकोला सांगितलं की ती उपाय सुचवते. खरं असं की यादीतला सत्त्याण्णव नंबर म्हणजे माझी सख्खी मावशी. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. आणि आपण यादीत आहोत, हे मावशीला माहीत नाही.

९ जानेवारी

हे नीट लिहून ठेवतो. उद्या चौकशी लागली तर निदान माझं मला आठवेल.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मावशीनं वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती मुख्य होती, रोज चारशे रुग्णांचं जेवण तिच्या नजरेखालून जायचं. तिच्या पगारावर मी शिकलो आणि इथं चिकटलो. आता ती एकोणऐंशी वर्षांची आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही, सोबत नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं गॅसच काढून टाकला. म्हणाली, चारशे माणसांचं रांधून झालं, आता हात निवृत्त. मग पाव आणि केळी सुरू झाली. आमच्या घरून डबा नेला तर तसाच परत. आमच्याकडे राहायला चल म्हटलं तर म्हणाली, "दिलेलं परत घ्यायची मला सवय नाही." ते घर सोडीन तर चौघांच्या खांद्यावरून, हे तिचं ठरलेलं वाक्य.

तेव्हा मी डोकं चालवलं. तिला सांगितलं, पालिकेच्या जेवणाची चव तपासायला जाणकार माणूस हवंय. रोज एक डबा येईल, तू तो खायचा आणि चिठ्ठीवर शेरा लिहायचा. मानधन नाही, पण काम जबाबदारीचं. मावशी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं शहाण्या. काम असेल तर करते."

लहानपणापासून ती मला शहाण्याच म्हणते. इतक्या हुशार बाईला गंडवणं सोपं नाही. पण मीही तिच्याच हाताखाली तयार झालोय.

हा डबा थांबला तर मावशी त्या घरात राहू शकत नाही. एवढंच आहे सगळं. बाकीचे एकशे सदतीस मला माफ करोत.

१५ जानेवारी

मावशीकडे जाऊन आलो. आजचा शेरा: 'सूप म्हणजे भाज्यांच्या अंघोळीचं पाणी.' स्वयंपाक्याला दाखवला, आता तो दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या आणि शेवटचा शब्द कागदावरून उतरून बहुधा टेबलावर गेला होता. पहिल्यापासून घाईची बाई.

खिडकीत एका वाटीत अर्धा भात आणि जराशी भाजी झाकून ठेवलेली दिसली. मांजर पाळलंय वाटतं. विचारलं नाही. या वयात सोबत लागतेच.

तिनं विचारलं, असे जाणकार पालिकेनं एकूण किती नेमलेत? माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं, एकशे अडतीस.

"एवढे जाणकार," मावशी म्हणाली, "तरी कारभार असा?"

मी हसलो. ती हसली नाही. जिना उतरताना वाटलं, थोडक्यात निभावलं.

२१ जानेवारी

अहवालात घालायला काही सापडेना. किती डबे वाटले ते साहेबांना नको आहे. म्हणाले, ते तुमचं काम झालं, समोरच्याचा प्रतिसाद काय? आता जेवणाला माणूस काय प्रतिसाद देणार? ढेकर. तो मोजायचं यंत्र पालिकेकडे नाही.

दुपारी बंबखान्यात गाडीवाली आदल्या दिवशीचे रिकामे डबे उतरवत होती. चाळिशीची बाई, आवाज असा की तिच्या गाडीला हॉर्न लागत नाही. मी एक डबा उघडला. लख्ख. दुसरा उघडला. लख्ख. कप्पे पुसून कोरडे केलेले, झाकण वेगळ्या कागदात गुंडाळलेलं. म्हटलं, हे कोण धुतं? म्हणाली, ज्यांचे त्यांनीच. चार वर्षं असेच येतात. तुम्ही कधी बघितलेत कुठे?

माझ्या डोक्यात दिवाच लागला.

२८ जानेवारी

आठवडाभर मोजले. एकशे अडतीसपैकी एकशे एकतीस डबे रोज धुऊन येतात. उरलेल्या सातांत सहा जण अंथरुणाला खिळलेले, आणि एकाचं वीस वर्षांपासून पालिकेशी वैर आहे, तो मुद्दाम हाडकं घालून पाठवतो.

निळ्या रंगात झकास आलेख काढून घेतला. मथळा: 'लाभार्थ्यांचा सक्रिय सहभाग'. शिस्त, स्वच्छता, कृतज्ञता असे तीन परिच्छेद लिहिले. तिसरा लिहिताना माझं मलाच भरून आलं.

गाडीवालीला दाखवला. तिनं विचारलं, "जेवतात ते सांगा ना साहेब. धुतात ते कशाला सांगता?" तिला अहवालाची भाषा समजावून सांगितली. ती ऐकत नव्हती. तिचं वेगळंच चाललं होतं: सत्त्याण्णव नंबरच्या आजी म्हणे भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत येतात, डबा हातात देताना त्यांचा हात शोधावा लागतो, त्यांना दिसत नाही हो नीट. मी हं हं केलं. गाडीवालीला प्रत्येकाचं काही ना काही झालेलं दिसतं. मागच्या महिन्यात ती म्हणाली होती की रंगावरून माझं यकृत गेलेलं आहे.

४ फेब्रुवारी

अहवाल सादर. साहेबांनी आलेख दोनदा बघितला. सत्तावीस वर्षांत माझ्या कागदाकडे कुणी दोनदा बघितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे डबे नक्की तेच धुतात?

"स्वतः धुतात साहेब. एकूण एक."

"उभं राहून?"

"बेसिनपाशी उभं राहून. पुसून कोरडेसुद्धा करतात."

"वा," साहेब म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून काहीतरी लिहून घेतलं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, उभं राहून का ते कशाला विचारलं असेल? हिला माझं कौतुक पचायला जरा वेळ लागतो.

१० फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण ही म्हण ज्यानं काढली, तो पालिकेत नोकरीला असणार.

पत्र आलं. 'आपल्याच अहवालावरून असे निदर्शनास येते की एकशे एकतीस लाभार्थी बेसिनपाशी उभे राहून भांडी घासणे, पुसणे इत्यादी स्वयंपाकघरातील कामे नियमितपणे करतात. सबब ते योजनेच्या नियमानुसार असमर्थ ठरत नाहीत.' सात उरले. सातांसाठी स्वयंपाकघर आणि गाडी परवडत नाही, म्हणून त्यांना निवारागृहात हलवावं आणि तरतूद शून्य करावी, असा प्रस्ताव सभेकडे चालला आहे.

निवारागृह म्हणजे गावाबाहेर पालिकेची लांबलचक खोली. चाळीस खाटा, दोन खिडक्या.

धावत साहेबांकडे गेलो. ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, म्हणून भांडण तरी कुठून सुरू करणार? म्हणाले, "मी तुमच्याच बाजूचा आहे. आणि आकडेही तुमचेच आहेत." मी म्हटलं, साहेब, ते सवयीनं धुतात. लाजेनं धुतात. उष्टं भांडं दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं, म्हणून धुतात. ते म्हणाले, लाज मोजता येत नाही, डबे येतात. शेवटी एक फेरमोजणी कबूल केली. पंचवीस तारखेला, एकाच दिवशी, त्यांच्या डोळ्यांसमोर. निम्मे डबे जरी न धुता आले तरी प्रस्ताव मागे घेईन म्हणाले.

एकूण काय, पंधरा दिवसांत सत्तर म्हाताऱ्यांना घाण शिकवायची आहे.

१२ फेब्रुवारी

गाडीवालीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता टोमणे मारील. ती नुसती म्हणाली, "चला, बसा गाडीत."

दिवसभर जिने चढलो. प्रत्येक दारात तेच: आजी, आजोबा, डबा धुऊ नका, असाच द्या. निवृत्त शिंप्यानं मला दारातच उभं केलं. म्हणाला, माझी बायको पाच वर्षं अंथरुणात होती, तिचं उष्टं ताट मी कुणाला उचलू दिलं नाही, आणि माझं या बाईला उचलायला लावू? एका आजीबाईंना वाटलं, आपण नीट धुत नाही अशी तक्रार आली असणार. त्या रडायलाच लागल्या. त्यांना समजावता समजावता भूक लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी 'बरं बरं' म्हणाल्या आणि आमच्यादेखत डबा नळाखाली धरला. हात आपोआप जातो म्हणाल्या.

खरं कारण सांगावं का, यावर गाडीत आमचं भांडण झालं. ती म्हणाली, सांगा. मी म्हटलं, डबा बंद होणार हे कळलं तर हाय खातील. ती म्हणाली, जेवायला नसेल तर दुसरं काय खाणार?

१७ फेब्रुवारी

आजचे न धुतलेले: एकोणीस. काल तेवीस होते. शिंप्यानं काल न धुता पाठवला होता, आज धुऊन, आत चिठ्ठी: 'कालच्याबद्दल माफी असावी.' एका आजोबांनी तर कमाल केली. डबा घासून पुसून मधोमध चमचाभर भात परत ठेवला होता, नीट गोल, एखाद्या बक्षिसासारखा.

आयुष्यभर माणसाला चांगल्या सवयी लावायच्या आणि शेवटी त्या सवयींवर बोट ठेवून म्हणायचं, बघा, याला मदतीची गरज नाही. हे वाक्य साहेबांना ऐकवणार होतो. मनात म्हणून टाकलं.

१९ फेब्रुवारी

मावशीचा प्रश्न अवघड होता. तिला खरं सांगितलं तर सगळंच उघडं पडणार. रात्रभर विचार करून युक्ती काढली. सांगितलं, जाणकारांचे डबे आता प्रयोगशाळेत तपासायचे आहेत, म्हणून पंचवीस तारखेला तुझा डबा न धुता पाठव.

"कुठं आहे रे तुमची प्रयोगशाळा?" तिनं विचारलं. "पाणीपट्टीच्या खिडकीमागेच का?"

म्हटलं, हो, म्हणजे त्याच इमारतीत. तिचा अंदाज पहिल्यापासून अचूक.

मग म्हणाली, "तीस वर्षं मी रुग्णांच्या परत आलेल्या थाळ्या बघितल्यात. कोण बरा होणार आणि कोण नाही, ते उरलेल्या अन्नावरून कळायचं." पुढे म्हणाली, "माझ्या डब्यात काही उरतच नाही. न धुता पाठवला तरी तो धुतल्यासारखाच दिसेल."

मी म्हटलं, मग चवीसाठी घासभर ठेव. ती बरं म्हणाली. खिडकीतल्या वाटीवर ताटली होती. मांजर काही अजून दिसलं नाही.

निघताना तिनं विचारलं, "किती लागतील तुला?"

"काय किती?"

"काही नाही. जा तू, उशीर होईल."

२४ फेब्रुवारी

आजचे न धुतलेले: सव्वीस. सत्तर हवे आहेत. उद्या मोजणी.

गाडीवाली म्हणाली, "आपणच भरवू या ना." म्हणजे डबे गोळा करून आणायचे आणि साहेब यायच्या आत आम्हीच खरकटे करायचे. मी म्हटलं, हा सरकारी दस्तऐवजात फेरफार आहे. ती म्हणाली, हा डबा आहे.

हो म्हणालो.

२५ फेब्रुवारी

सगळं लिहितो. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

गाडी साडेबाराला आली. साहेब दोनला येणार होते. बंबखान्याचं दार लावलं आणि आम्ही दोन जाणती माणसं जमिनीवर बसून धुतलेले डबे खराब करू लागलो. स्वयंपाक्याच्या पातेल्यात सूप उरलं होतं. गाडीवाली पळीनं शिंपडत होती, मी चमच्यानं कडांना फासत होतो. ती म्हणाली, तुमचा हात छान बसलाय, पालिकेत उगाच गेलात. हसता हसता मला ठसका लागला. सत्तावीस वर्षांत ऑफिसच्या वेळेत इतकं मनापासून काम केलं नव्हतं. शंभर डबे केले. सत्तर केले असते तरी चाललं असतं, पण हात थांबेना; न धुता आलेल्यांत नुसते डागच होते, त्यांवरही सूप शिंपडलं.

साहेब आले. एक डबा उघडला, दुसरा उघडला, मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी एक उघडला आणि थबकले. त्यात भाताची चार शितं होती आणि बटाट्याची एक फोड. फोड अख्खी, कडेला नीट सरकवून ठेवलेली.

साहेबांनी भिंतीवरचा फळा वाचला. काल: भात, बटाट्याची भाजी. आज: पाव, सूप.

"हे डबे कालच्या जेवणाचे ना?" त्यांनी विचारलं. "मग काल हा एकटाच माणूस भात-बटाटा जेवला आणि बाकी सगळे आजचं सूप काल प्याले?"

चार वर्षं तो फळा माझ्याच अक्षरात लिहिला जातो.

साहेबांनी झाकणावरचा नंबर बघितला. सत्त्याण्णव. "हा तेवढा खरा," म्हणाले आणि हलक्या हातानं झाकण लावलं.

आता कळतं ते हे: मावशीनं एक दिवस माझं ऐकलं आणि नेमका त्याच दिवशी घात झाला. तिचाही डबा कोरा आला असता, त्यालाही सूप फासलं असतं, तर साहेबांना तुलनेला काही मिळालंच नसतं. बटाट्याची फोड कशाला ठेवायची? शितं पुरली असती. पण ती जे करते ते मोकळ्या हातानं.

गाडीवालीनं संध्याकाळपर्यंत सगळे डबे पुन्हा घासले. जाताना म्हणाली, "त्या फोडीकडे बघून मला कसंतरी झालं." मलाही झालं होतं. पकडले गेल्यावर होतंच.

११ मार्च

सभा झाली. आमचा विषय एकोणिसावा होता. अठरावा रस्त्याच्या दुभाजकावरच्या कुंड्यांचा होता, तो पन्नास मिनिटं चालला. आमचा चार मिनिटांत झाला.

साहेबांनी फेरफाराचं नाव काढलं नाही. तेवढा सज्जन माणूस आहे. नुसतं म्हणाले की लाभार्थी स्वावलंबी झाल्यामुळे योजनेचं उद्दिष्ट पूर्ण झालं आहे. सभागृहानं बाकं वाजवली. एक सदस्य म्हणाले की अशी यशस्वी योजना राबवणाऱ्या कर्मचाऱ्याचं अभिनंदन व्हायला हवं. मला उभं केलं. मी उभा राहिलो. कुणीतरी हातात फुलं दिली.

एकतीस मार्चला शेवटचा डबा. मी जन्ममृत्यू नोंदणी विभागात. साहेब म्हणाले, तिथे तुमचा ज्येष्ठ नागरिकांचा अनुभव कामी येईल. हे ते विनोदानं म्हणाले नाहीत.

३१ मार्च, गुरुवार

शेवटची फेरी मी गाडीबरोबर केली. बहुतेकांनी डबा घेतला आणि 'उद्या?' असं विचारलं. पत्रं सगळ्यांना गेली होती, पण पत्र वाचणं आणि जेवण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिंप्यानं गाडीवालीच्या हातात एक कापडी पिशवी दिली, स्वतः शिवलेली. टाके वाकडे होते. ती पिशवी तिनं आसनाखाली ठेवली आणि पुढचे तीन जिने मला एकट्याला चढायला लावले.

मावशीला सांगितलं, चव तपासायचं काम पूर्ण झालं, अहवाल वर गेला.

"पसंत पडला का?"

"खूप. टाळ्या वाजल्या."

"तुझं काही नुकसान नाही ना झालं?"

"बढतीच म्हण."

"मग बरं," ती म्हणाली. उद्यापासून घरून डबा आणतो म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाली. शेजारीण सगळं आणून देते म्हणे. निघताना शेजारणीला दोन शब्द बोलावेत म्हणून दार वाजवलं. कुलूप होतं. बाजारात गेली असेल. दाराच्या फटीत जाहिरातींच्या कागदांचा गठ्ठा साचला होता. हल्ली कुणी वाचतच नाही.

३ एप्रिल, रविवार

निवारागृहात एक खाट रिकामी झाली. कशी, ते मलाच आधी कळलं, कारण नोंदणीचं रजिस्टर आता माझ्या टेबलावर असतं. ओळख काढून नाव लावलं. आता फक्त मावशीनं हो म्हणायला हवं होतं.

सकाळी गेलो. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. चेहरा उतरला होता, उन्हाळा कडक आहे यंदा. मी तयार होऊन गेलो होतो. म्हटलं, निवारागृहाचं स्वयंपाकघर अगदी वाया गेलंय, देखरेखीला अनुभवी माणूस हवंय. तिथेच राहावं लागेल, पण सोय आहे.

"कसली सोय?"

"खाट. खिडकीपासून तिसरी."

ती खिडकीतून बाहेर बघत बसली. एवढ्यात मी खोलीवरून नजर फिरवली. सगळं जागच्या जागी. वाटी पालथी घातलेली. मांजर गेलं असावं.

"हे घर?" तिनं विचारलं.

"पालिका बघेल."

"हं." मग विचारलं, "तुला बरं वाटेल का रे त्यानं?"

मी म्हटलं, मला म्हणजे, पालिकेलाच गरज आहे.

"आण अर्ज," ती म्हणाली.

मी विचारत गेलो, ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. नाव, वय, नातेवाईक. नातेवाईकाच्या जागी ती म्हणाली, कुणी नाही लिही, तुला नोकरीत अडचण नको. अकरावा प्रश्न होता, स्वतःची कामे स्वतः करता येतात काय? तिथं 'नाही' असल्याशिवाय खाट मिळत नाही.

"हो लिही," मावशी म्हणाली. "देखरेखीला जायचं तर हात चालायला हवेत ना?"

माझ्याच थापेत मी सापडलो. मग 'नाही' लिहिलं आणि म्हणालो, "हो लिहिलं, मावशी."

"बघू."

तिनं कागद घेतला, खिडकीजवळ नेला, डोळ्यांपाशी धरला. उलटा धरला होता. चष्मा सापडत नसेल. बरंच झालं, मी काही बोललो नाही. ती खूप वेळ बघत राहिली. इतकं बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"अक्षर चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. "सही कुठं करू, ते बोट धरून दाखव."

मी तिचं बोट धरून जागेवर ठेवलं. तिनं सही केली. तिचं बोट माझ्या हातात इतकं बारीक कधी वाटलं नव्हतं. पण मी तरी ते शेवटचं कधी धरलं होतं?

निवारागृहाची गाडी गुरुवारी येणार. तोवर रोज डबा घेऊन येतो म्हटलं. ती म्हणाली, नको, कपाटात भरपूर आहे, तुझ्या बायकोला कशाला त्रास. मी कपाट उघडून बघितलं नाही. मावशीचं कपाट तिच्या परवानगीशिवाय उघडायची आमच्या घरात कुणाची छाती झालेली नाही. आणि आहे म्हणाली म्हणजे असणार, ती खोटं कधी बोलत नाही.

निघताना तिनं विचारलं, आज वार कुठला? म्हटलं, रविवार.

गुरुवार काही फार लांब नाही. मधे फक्त सोमवार, मंगळवार आणि बुधवार.